भट्टीच्या विटा पलीकडे न्याव्यात

मी, केतुरा हॅस्कल, कै. ओबेड हॅस्कल यांची विधवा, राहणार फॅरोज लँडिंग, नायगारा नदीचा पूर्व काठ, न्यूयॉर्क राज्य, धंदा पावाच्या भट्टीचा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहिते. माझे गुडघे गेले आहेत आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी पढवलेलं नाही, कोणी धमकावलेलं नाही. वकील ल्यूशस ट्रेडवे यांनी एक मसुदा करून दिला होता. तो कायद्याला धरून होता, पण वाचल्यावर वाटलं, यातली बाई मेली तर मला काही वाईट वाटणार नाही. म्हणून त्यातली कलमं ठेवली आहेत आणि मधलं माझं मी लिहिलं आहे. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम पहिले. माझं दफन ओबेडच्या शेजारी व्हावं. दगडावर नाव आणि सालं, एवढंच कोरावं. कर्नल जेरेड पॉम्फ्रेट यांना दफनाला यायचं असेल तर त्यांनी यावं, टोपी काढून उभं राहावं, पण भाषण करू नये. पाद्रीबाबांनी त्यांना बोलायला सांगू नये. त्यांनी आपण होऊन सुरुवात केली तर जमलेल्या लोकांनी निघून जावं आणि माझ्या घरी येऊन खावं-प्यावं. त्यासाठी सफरचंदाचं मद्य तळघरात ठेवलं आहे.

कलम दुसरे. माझं घर, त्यामागची फळबाग आणि काठापर्यंतची जमीन. ही जमीन आमच्या आधी इथल्या मूळ रहिवाशांची, सेनेका लोकांची होती. कागदावर ती रीतसर विकत घेतली असं लिहिलं आहे. ती कशी घेतली ते त्या कागदाला ठाऊक.

मला मूल नाही. माझ्यामागे हे घर ज्या एका माणसाला मिळावं असं मला वाटतं, ती माझी भाची थर्झा, माझा धाकटा भाऊ असाहेल प्रुइट याची मुलगी. पण थर्झा नदीच्या पलीकडे जन्मली, म्हणजे इंग्लंडच्या राजाची प्रजा. ट्रेडवे म्हणतात की परक्या राजाच्या प्रजेला या राज्यात मृत्युपत्राने जमीन देता येत नाही.

त्यावर त्यांनीच उपाय सुचवला. थर्झाला बोलावून ते म्हणाले, "पोरी, न्यायालयात ये, या देशाची नागरिक व्हायचा इरादा आहे एवढी शपथ घे. बाकीचं मी बघतो. एका सकाळचं काम आहे."

थर्झा म्हणाली, "वकीलसाहेब, माझ्या बाबांनीही जमिनीसाठी एकदा शपथ घेतली होती. तेसुद्धा एका सकाळचंच काम होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, तू रागावू नकोस. मला तुझं घर आवडतं. पण घरासाठी देश बदलायचा, आणि उद्या परत भांडण झालं की पलीकडे आई-बाबा आणि अलीकडे मी? ते मला नको."

मी रागावले नाही. मला ते पटलं, आणि का पटलं ते पुढे लिहिते. म्हणून हे घर आणि जमीन ट्रेडवे यांनी माझ्या पश्चात विकावी आणि येईल ते सगळं थर्झाला द्यावं. तसं करायला कायद्याची आडकाठी नाही. विकत कोणीही घ्यावं. फक्त पॉम्फ्रेट घराण्यातल्या कोणालाही, त्यांच्या जावयालाही, ते देऊ नये.

कलम तिसरे. भट्टी.

ट्रेडवे म्हणतात, भट्टी जमिनीत बांधलेली, म्हणून ती घराबरोबर जाते. मी विचारलं, "विटा सुट्या करून होडीत घातल्या तर?" ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "मग बाई, ते जंगम सामान." तर माझी इच्छा अशी की घर विकण्याआधी भट्टी उतरवावी आणि तिच्या विटा पलीकडे नेऊन थर्झाच्या अंगणात भट्टी पुन्हा उभी करावी. घुमटाच्या विटा खुणा करून वेगळ्या ठेवाव्यात. काथवट, लांब दांड्याची फळी, चाळण्या आणि आंबवणाचं मडकंही तिलाच. आंबवण वाटेत थंडीने मरू नये म्हणून मडकं कोणीतरी मांडीवर घेऊन बसावं.

एका भट्टीसाठी एवढा खटाटोप का, असं विकत घेणारा विचारील. त्यासाठी खालची हकिगत.

आमचे वडील कनेक्टिकटहून बैलगाडी घेऊन इकडे यायला निघाले आणि वाटेतच खंगून गेले. मी ओबेडशी लग्न करून अलीकडे राहिले. असाहेलला पलीकडे राजाच्या नावाने जमीन मिळत होती. मागत होते ती फक्त राजनिष्ठेची एक शपथ. तो आईला घेऊन समोरच्या काठावरच्या न्यूअर्क गावी गेला. तेव्हा कोणाला त्यात काही वाटलं नाही. रविवारी आम्ही होडीने जेवायला जायचो, नाही तर ते यायचे. आईची खाट त्यांच्या खिडकीशी होती, तिथून आमच्या भट्टीचा धूर दिसायचा. "आज उशिरा पेटवलीस," असा निरोप यायचा.

मग समुद्रावर इंग्रजांनी आमची जहाजं अडवली, खलाशी पळवले, आणि आमच्या सरकारने इंग्रजांना अद्दल घडवायला सगळा परदेशी व्यापारच बंद केला. आम्ही जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. पण कायदा नदीलाही लागू झाला, आणि भावाला पिठाचं पोतं देणं हा गुन्हा ठरला. नाक्यावरचा पहारेकरी भला माणूस होता. मी त्याला पुढच्या ओट्यावर गरम पाव द्यायचे, आणि मागच्या दाराने असाहेल होडी भरायचा. एकदा पोतं पाण्यात पडल्याचा आवाज झाला. पहारेकरी चावता चावता म्हणाला, "मासे मोठे झालेत यंदा."

लढाई जाहीर झाल्याची बातमी आली तेव्हा आम्ही पलीकडेच होतो, थर्झाच्या बारशाला. पाद्रीबाबांचा ओला हात तिच्या कपाळावर होता आणि दारात एक घोडेस्वार ओरडत होता. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ओबेड म्हणाला, "केतुरा, चल. होड्या बंद व्हायच्या आत." आई खाटेवरून म्हणाली, "अगं, जेवून तरी जा." आम्ही उभ्या उभ्या जेवलो. असाहेल आम्हाला काठापर्यंत सोडायला आला. "दाजी, दोन महिन्यांत मिटेल," तो म्हणाला. ओबेड म्हणाला, "मिटायलाच पाहिजे."

इकडे पॉम्फ्रेट तेव्हा कॅप्टन होते. पिंपावर उभे राहून ते सांगायचे की पलीकडचे लोक राजाच्या जाचाला कंटाळलेत, आपली वाट बघताहेत, आपण नुसतं चालत गेलो तरी कॅनडा आपला. मी पाव वाटत ऐकत होते. पलीकडचे लोक म्हणजे माझी आई आणि भाऊ. ते माझ्या पावाची वाट बघायचे, एवढं मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी आमची फौज नदी ओलांडून न्यूअर्कमध्ये राहिली आणि डिसेंबरात तिला माघार घ्यावी लागली. जाता जाता गाव जाळायचा हुकूम वरून आला. ओबेड पॉम्फ्रेटच्या तुकडीत होता. असाहेल तेव्हा इंग्रजांच्या फौजेबरोबर दूर होता. घरात आई, भावजय लोविसा आणि लहानगी थर्झा.

ओबेड घरी आला तेव्हा त्याच्या कोटाला धुराचा वास होता. मी विचारलं, "आई?"

"बाहेर काढली. खाटेसकट. गोधड्या घातल्या, लोविसाच्या हवाली केली."

"आणि घर?"

तो खाली बसला. "मीच लावली आग. दुसरा कोणी गेला असता तर आत कोण आहे ते बघितलं नसतं, केतुरा. म्हणून मी ते घर मागून घेतलं."

बाहेर बर्फ इतकं पडत होतं की नदी दिसत नव्हती. मी पीठ मळायला घेतलं.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी, इंग्रजांची फौज अलीकडे उतरली. गावातले लोक टेकडीच्या वाटेने पळाले. वरच्या वस्तीतले टस्करोरा जमातीचे लोक फौजेची वाट अडवून उभे राहिले म्हणून गावकऱ्यांतले बरेचसे वाचले. ओबेडच्या पायाला माघारीत जखम झाली होती, आम्हाला पळता आलं नाही. दार उघडलं आणि मशाल घेऊन असाहेल आत आला. दाढीला बर्फ चिकटलेलं.

"ताई, आई गेली," तो म्हणाला. "शेजाऱ्याच्या गोठ्यात. तिला ऊब काही येईना. शेवटपर्यंत विचारत होती, केतुराची भट्टी पेटली का."

ओबेड भिंतीला धरून उठला. "असाहेल, मी लावली आग. मीच."

"माहीत आहे, दाजी. लोविसाने सांगितलं. खाट उचललीत तेही सांगितलं."

"मग मार मला."

असाहेलने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की मशालीचं डांबर जमिनीवर ठिबकलं. मग तो माझ्याशी बोलला. "ताई, सामान काढ. हे घर मी मागून घेतलंय. दुसरा कोणी आला तर आत कोण आहे ते बघणार नाही."

तेच शब्द. एकमेकांना विचारून ठरवल्यासारखे. मला त्या क्षणी दोघांचीही चीड आली, आणि दोघांना उपाशी ठेवून कोंडून घालावंसं वाटलं, लहान मुलांना घालतात तसं.

त्याने माझ्याबरोबर काथवट उचलली, पिठाची पोती उचलली, ओबेडला पाठीवर घेऊन बागेत आणून बसवलं. मग आग लावली आणि आमच्याकडे न बघता होडीकडे गेला.

घर संपूर्ण गेलं. भट्टी तेवढी उभी राहिली. विटा आतून-बाहेरून तापल्या होत्या, त्यांना टेकून आम्ही जगलो. दुसऱ्या दिवशी टेकडीवरून लोक परत यायला लागले, त्यांच्या अंगावर धड कपडे नव्हते. मी त्याच उबेत पाव लावले. कोणाचं घर कोणी जाळलं हे त्या दिवशी कोणी कोणाला विचारलं नाही. पहिल्या पावाचा वास सुटला तेव्हा मी पलीकडे पाहिलं. त्या काठावर जळून काळी झालेली धुराडी होती आणि खिडकी नव्हती.

या विटा म्हणूनच थर्झाला.

कलम चौथे. माझ्या पश्चात कोठारात जे पीठ असेल ते वरच्या टस्करोरा वस्तीत पोचवावं. त्या वाटेवर ते का उभे राहिले, हे आमच्या बाजूच्या कोणी त्यांना अजून नीट विचारलेलं नाही.

कलम पाचवे. जुन्या घराच्या दाराची एक बिजागरी मी राखेतून काढून ठेवली होती. ती कर्नल पॉम्फ्रेट यांना द्यावी. लढाईनंतर ते विधिमंडळात गेले आणि दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, व्यासपीठावर शत्रूचं घरटं जाळल्याची गोष्ट सांगू लागले. एका वर्षी त्यांनी ओबेडला हाताला धरून वर नेलं. "हा पाहा तो शूर शिपाई! याच्याच हाताने ती मशाल पेटली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओबेड टाळ्या थांबेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "ते माझ्या सासूबाईंचं घर होतं." आणि पायऱ्या उतरून खाली आला. घरी येईपर्यंत तो माझा हात धरून चालला. लग्नानंतर प्रथमच रस्त्यात. त्याच हिवाळ्यात तो गेला.

बिजागरी कर्नलसाहेबांनी टेबलावर ठेवावी. भाषण लिहिताना कागद उडू नयेत म्हणून उपयोगी पडेल.

कलम सहावे. भावजय लोविसाला माझी लोकरीची शाल आणि चहाची भांडी. ओबेडच्या दफनाला पलीकडून ती एकटी वर आली. "वन्सं," ती म्हणाली, "मी बोलायला आले नाही. भांडी घासायला आले." त्यानंतर ती वर्षानुवर्षं येत राहिली, थर्झाला घेऊन. होडी वल्हवायला असाहेलच असायचा. पण तो वर यायचा नाही, होडीतच बसायचा. मी थर्झाच्या हाती पाव पाठवायचे. ती सांगायची, "बाबांनी खाल्ला." मी विचारायचे, "काही म्हणाला?" ती म्हणायची, "कड जास्त भाजलीये म्हणाले." मला तेवढं पुरायचं. वर ये असा निरोप मी कधी पाठवला नाही. मनात असूनही नाही.

कलम सातवे आणि शेवटचे. माझा भाऊ असाहेल प्रुइट याला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. हे विसरून राहिलेलं नाही आणि रागानेही नाही.

ट्रेडवे यांनी सांगितलं की जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. शेजारीण डॉर्कस व्हिपल साक्षीदार आहे, म्हणून तिने नेलेली माझी जुनी चाळण मी तिला देत नाही, फक्त परत मागत नाही. दुसरा साक्षीदार हवा होता. मी थर्झाला खाली होडीकडे पाठवलं. "बाबांना विचार, जमिनीच्या पैशातला वाटा घेणार, की वर येऊन सही करणार?"

मग बाहेर पायऱ्यांवर पावलं वाजली. तो दारात उभा राहिला, आता माझ्याइतकाच म्हातारा. हे घर त्याने आतून कधी पाहिलेलं नव्हतं. तुळया, धुराडं, खिडकी, सगळ्यावरून त्याची नजर फिरली.

"हे दाजींनी बांधलं?"

"त्यांनीच."

"चांगलं बांधलंय," तो म्हणाला. टोपी काढून माझ्या समोर बसला आणि ती गुडघ्यावर ठेवली. "ताई, वाटा नको मला. सही कुठं करायची ते सांग."

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना मी दोनदा थांबले. दोन्ही वेळा असाहेल म्हणाला, "वाच पुढे. बरोबर आहे." एके ठिकाणी त्याने दुरुस्ती सांगितली: आईने शेवटी भट्टीचं विचारलं त्याच्या आधी ओबेडचंही विचारलं होतं, त्याला फार थंडी वाजली असेल म्हणून. ते मला आजवर माहीत नव्हतं. तेही इथे नोंदवते.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने केलं असून त्याची व्यवस्था ल्यूशस ट्रेडवे यांनी पाहावी.

स्थळ: फॅरोज लँडिंग, नायगारा परगणा
दिनांक: ९ ऑक्टोबर १८३४

सही: केतुरा हॅस्कल

आमच्या समक्ष सही झाली:

डॉर्कस व्हिपल, राहणार फॅरोज लँडिंग

असाहेल प्रुइट, राहणार न्यूअर्क, अप्पर कॅनडा. लिहून देणारीचा भाऊ