छपरावरचे चार कारकून

ता. ३ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. काकूचा गुडघा आणि माझा स्वभाव, दोन्ही होते तिथेच आहेत. गुडघ्याला निदान डॉक्टर तरी आहे, असं तिचं म्हणणं.

तू विचारलंस, छपराच्या कामाला कंत्राटदार ठरवलाय, तो खरा की खोटा ते कसं तपासायचं. तीस वर्षं छपरांची कंत्राटं घेऊन मी लोकांच्या डोक्यावर चढून पोट भरलं, तेव्हा विचारलंस ते योग्य माणसाला. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि माझं निम्मं राहून जातं.

आधी त्याचं बोलणं ऐक. छप्पर बघायच्या आधी जो भाव सांगतो, त्याला दारातूनच परत पाठव. ‘घरच्यासारखं काम करून देतो’ म्हणणाऱ्यापासूनही जरा लांब राहा. घरचं काम कसं असतं ते आमच्या मोरीतला नळ बघितलास तर कळेल.

मग परवाना. चौकटीत घालून भिंतीवर लावलेल्या कागदाला भुलू नकोस. चौकट माझ्याकडेही होती. नंबर उतरवून घे, परवाना कार्यालयात स्वतः फोन कर आणि विचार: कुणाच्या नावावर आहे, कुठल्या कामाचा आहे, मुदत कधी संपते. माझ्या ओळखीचा एक जण होता, परवाना रंगकामाचा आणि ओढायचा विजेच्या तारा. विचारलं तर म्हणायचा, ‘तारा काय बिनरंगाच्या असतात?’

राहिला विमा. त्याचं प्रमाणपत्र कंत्राटदाराच्या हातून घेऊ नकोस. विमा कंपनीला सांग, थेट तुझ्या पत्त्यावर पाठवा. पॉलिसी बंद पडली तरी छापलेला कागद करकरीतच राहतो. आणि विमे दोन असतात. त्याच्या माणसांनी तुझ्या घराचं काही मोडलं तर एक, त्याचा माणूस पडला तर दुसरा. दुसऱ्याला कामगारांची यादी जोडलेली असते. ती मागून घे आणि मला पाठव. मी बघेपर्यंत सही करायची नाही.

तू शेवटी लिहिलंस, ‘घरावर कुणी चढणार म्हटलं की अजून माझे हातपाय गार पडतात. का ते तुला माहीतच आहे.’

माहीत आहे.

तुझ्या बाबाला मी विचारलंय म्हणून सांग. दर रविवारी फोन असतो आमचा, पण हवापाण्याच्या पलीकडे दोघंही जात नाही.

तुझा,
काका


ता. ११ मार्च

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

यादी पोचली. परवाना कार्यालयात मीही एकदा फोन करून घेतला. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘आजोबा, याच नंबरासाठी गेल्या आठवड्यात एका मुलीने फोन केला होता, पाऊण तास धरून बसली होती.’ तीच आमची, म्हटलं. परवाना खरा आहे, छपराच्या कामाचाच आहे. विमाही चालू आहे. तू लिहिलंस, ‘सगळं जागेवर दिसतंय, सोमवारी सुरू करायला सांगू?’

नको.

यादीतला तिसरा रकाना बघ, कामाचं स्वरूप. चार नावं आहेत आणि चारही नावांपुढे ‘कार्यालयीन काम’ लिहिलंय. म्हणजे सोमवारी तुझ्या छपरावर चार कारकून चढणार आहेत. 

मी गिऱ्हाईक म्हणून त्या कंत्राटदाराला फोन केला. बोलायला माणूस चांगला आहे. विचारलं, ‘तुमच्या ऑफिसात माणसं किती?’ तर हसला. ‘कसलं ऑफिस साहेब? मी, माझी गाडी आणि बायकोचा फोन.’ मागे कुणीतरी पत्रा कापत होतं.

छपरावर चढणाऱ्या माणसाच्या विम्याचा हप्ता जास्त बसतो, खुर्चीत बसणाऱ्याचा कमी. म्हणून असं लिहितात. कुणी पडेपर्यंत यात काही बिघडत नाही. पडला की कंपनी विचारते, कारकून छपरावर काय करत होता? आणि अंग काढून घेते. मग पडलेला माणूस ज्याचं घर त्याच्या दारात येऊन उभा राहतो, उभं राहता येत असेल तर.

तुला वाटेल, काकाची नजर अजून तेज आहे. नजरेचा काही संबंध नाही. हा रकाना मीही असाच भरायचो. माझ्या यादीत दोनच कारकून होते. दुसरा तुझा बाबा.

आता सरळच लिहितो. तुझा बाबा तुमच्या घराची पन्हळ साफ करताना पडला नाही. एका छापखान्याचं छप्पर आम्ही बदलत होतो, तिथून पडला. सकाळचे साडेदहा झाले असतील. मी खाली मालकाशी बोलत होतो. आधी शिडी घसरल्याचा आवाज आला, मग तो पडल्याचा. तो ओरडला नाही.

मालकाला म्हणालो, फार लागलेलं नाही, मी नेतो. गाडीत मागे पत्र्यांवर त्याला निजवलं. खोटी यादी उघडी पडली असती तर परवाना गेला असता आणि सगळं उभं केलेलं बसलं असतं, एवढंच डोक्यात होतं. तुमच्या घरापर्यंतची वाट अर्ध्या तासाची. वाटेत त्याला सांगितलं, ‘घरी पन्हळ साफ करताना पडलास, असं सांगायचं. नाहीतर मी संपलो.’

तो म्हणाला, ‘दादा, खड्डे चुकव.’

त्याबद्दल दुसरं काही बोलला नाही. तेव्हाही नाही आणि नंतर पंचवीस वर्षांतही नाही.

तुझी आई कामावर होती, तू शाळेत. त्याला अंगणात निजवलं, तुमचीच शिडी भिंतीला लावली आणि मग रुग्णवाहिका बोलावली. डॉक्टरांनी विचारलं, ‘पडला तिथून कुणी हलवलं नाही ना?’ मी नाही म्हणालो. त्याचा पाय पडण्याने गेला की त्या अर्ध्या तासाने, हे मी कुणालाही विचारलेलं नाही.

तुझी आई आल्यागेल्याला अजून ऐकवते, ‘एरवी खिळा ठोका म्हटलं की उद्या, आणि त्या दिवशी पन्हळ साफ करायची हौस आली.’ तो हसतो. मीही हसत आलोय.

आता तुझं. त्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो होतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तू आईला सांगत होतीस, ‘माझा चेंडू पन्हळीत अडकला होता. मीच सकाळी बाबांना सांगितलं काढून द्या म्हणून.’ नऊ वर्षांची होतीस. आई म्हणाली, ‘कुणापाशी बोलू नकोस. बाबांपाशी तर मुळीच नको.’ माझे कान चांगले आहेत, सगळे म्हणतात. पेला विसळला, पालथा घातला आणि बाहेर येऊन बसलो.

तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो. माझ्या खोट्याला एक कारण कमी पडत होतं, ते तू आयतं दिलंस.

तुझ्या बाबाला हे ठाऊक नाही. तो समजतो की गप्प राहून त्याने फक्त माझी भाकरी राखली. तुझ्या डोक्यावर काय ठेवलं गेलंय हे त्याला कळलं असतं, तर त्याने खाटेवरूनच सगळं सांगून टाकलं असतं. म्हणून मी कळू दिलं नाही.

कंत्राटदाराला सांग, चौघांपुढे छप्पर लिहून नवीन प्रमाणपत्र कंपनीला थेट इकडे पाठवायला सांग, मगच शिडी लाव. तो म्हणेल, ‘ताई, सगळेच असं लिहितात.’ खरं आहे ते. तरी बदलायला लाव. बदललं तर त्यालाच काम दे, हाताचा बरा वाटतो. नाही बदललं तर छप्पर गळू दे आणखी महिनाभर.

मी रविवारी बाबाकडे येतोय. तसा फोन केला, तर म्हणाला, ‘का रे दादा, हवा बरी आहे ना तिकडे?’ तूही ये. आईसमोर सगळं माझ्या तोंडाने सांगणार आहे. हे पत्र आधी पाठवतोय ते एवढ्यासाठी, की एरवी मी येईन, चहा घेईन, काकूच्या गुडघ्याचं सांगेन आणि परत जाईन. हे मला पुष्कळदा जमलेलं आहे. पत्र हातात धरून समोर बस.

आणखी एक. त्याला अंगणात निजवल्यावर शिडी लावायला मी वर बघितलं. पिवळा चेंडू पन्हळीतच होता. शिडी लावली, पण त्या दिवशी तिच्यावर कुणी चढलंच नाही.

ज्याने तुझ्या बाबाला कारकून लिहिलं,
तो तुझा काका