पहिला घास तांडेलाचा

भिसेगाव, कर्जत
३ नोव्हेंबर २०२४

चि. सिद्रा हिला दादाच्या दुआ. वि. वि.

फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडलंस आणि माझ्या कानातलं यंत्र शिट्टी घालायला लागलं, म्हणून मी फोन ठेवला. आता जे काय असेल ते लेखी. लेखी असलं की माणसाला पलटता येत नाही.

काल फुरकान मुरूडहून मासळीचा टेंपो घेऊन आला. चौकात अर्धा माल उतरवून तो कर्जतच्या बाजारात येतो, हे तुला ठाऊक आहे. दारात थांबून त्याने माझ्या हातात पेपर दिला. पेपरात तुझा फोटो, पांढरा डगला घातलेला, आणि वर मोठ्या अक्षरांत की कर्जतच्या कन्येने समुद्रातून कॅन्सरवरचं औषध काढलं. खाली लिहिलं आहे की मऊ पोवळं म्हणून एक जीव असतो, त्याच्या अंगातल्या रसाने कॅन्सरच्या पेशी मेल्या. मी तीनदा वाचलं. मी आठवी शिकलेला माणूस आहे, पण मेल्या म्हणजे मेल्या, एवढं मला कळतं.

फुरकान पेढे मागत होता. मी त्याला काय सांगू? ज्या घरातली पोरगी औषध काढते, त्याच घरातली तिची दादी, माझी बायको हमिदा, सप्टेंबरपासून मुंबईच्या इस्पितळात खेपा घालते आहे. परवा मंगळवारी तिसरं इंजेक्शन. डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या. भाकरी मातीसारखी लागते म्हणते. शेजारची विनिता दिवाळीच्या करंज्या देऊन गेली, त्यातली एक हमिदाने अर्धी कुरतडून बाजूला ठेवली. आणि तू तिकडे गोव्यात बाटलीत औषध भरून बसली आहेस!

तुझा बाप तुला तिकडे पाठवायला तयार नव्हता. पोरगी बोटीवर जाणार, पाण्यात बुड्या मारणार, लोक काय म्हणतील, असं त्याचं चाललं होतं. मी त्याला गप्प केलं. मी तांडेलाचा, होडीच्या म्होरक्याचा, मुलगा आहे, आमच्या घरात समुद्राला कुणी घाबरत नाही, असं म्हणालो. ते कशासाठी म्हणालो? पेपरात फोटो यावा म्हणून?

पत्र मिळताच एक बाटली पाठव. किती थेंब, उपाशीपोटी की जेवून, ते कागदावर लिहून वर चिकटव.

रागावलो आहे, तरी दुआ कमी केलेल्या नाहीत.

तुझा दादा,
लियाकत


गोवा
९ नोव्हेंबर २०२४

ती. दादांना सिद्राचा अदबीने सलाम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. माझ्या टेबलावर ते दिवसभर उघडं होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते, कारण बाटली नाही. असती तर मी पोस्टाची वाट पाहिली नसती, स्वतः घेऊन आले असते.

नीट सांगते. मऊ पोवळ्याला कवच नाही, दात नाहीत, पळायला पाय नाहीत. खडकाला चिकटून आयुष्य काढायचं. माशांनी आपल्याला खाऊ नये म्हणून ते अंगात कडू, जहरी द्रव्यं तयार करतं. आम्ही परवानगी काढून चार किलो पोवळं आणलं, तीन महिने गाळलं, आणि हाती नखावर मावेल एवढी पूड आली. ती काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींवर घातली. त्या मेल्या. पेपरवाल्याने इथवर लिहिलं. पुढचंही मी त्याला सांगितलं होतं, ते त्याने गाळलं. शेजारच्या बशीत निरोगी पेशी होत्या. त्याही मेल्या.

दादा, मारणं सोपं आहे. तुमच्या दुकानात उंदरांसाठी ठेवायचात तेसुद्धा मारतंच. कुणाला सोडायचं हे त्या द्रव्याला शिकवणं अवघड आहे. आम्ही त्याची घडण जराजराशी बदलून बघतो आहोत. मला आशा आहे, खोटं बोलत नाही. पण ती कित्येक वर्षांपुढची आशा आहे, आणि दादीची तारीख २६ नोव्हेंबरची आहे. तेवढी चुकवू नका. सहापैकी तीन इंजेक्शनं झाली, म्हणजे निम्मी वाट झाली.

दादीला सांगा, करंजी कोमट दुधात बुडवून खा, गिळायला सोपी जाते. यंत्र कानात नीट घट्ट बसवा, सैल असलं की शिट्टी येते.

तुमची रागावलेली दुआसुद्धा मला पुरते.

तुमची,
सिद्रा


भिसेगाव, कर्जत
१६ नोव्हेंबर २०२४

चि. सिद्रा हिला दुआ. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं तापलं. मला बशी दाखवतेस? हमिदा बशी आहे का? चार किलो आणलं म्हणतेस, तर चार किलोतलं दादीला चमचाभर काढता आलं नाही? वर परवानगी! समुद्र केव्हापासून परवानगीचा झाला?

ते तुझं मऊ पोवळं मी ओळखतो. पेपरातल्या दुसऱ्या फोटोत बघितलं आणि हसू आलं. माझ्या वडिलांच्या जाळ्यात ते नेहमी यायचं, रबरासारखं, बोटं फुटलेल्या पंजासारखं. आम्ही त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं. जाळं साफ करताना घाण म्हणून परत फेकायचो. माझ्या या हातांनी मी टोपल्याच्या टोपल्या औषध फेकलं आहे, हा विचार आला की जेवण जात नाही.

म्हणून फुरकानला सांगितलं. त्याने त्याच्या मेहुण्याच्या होडीवरून बादलीभर आणून दिलं. कसं करायचं ते मला कुणी शिकवायला नको. चाळीस वर्षं या बाजारात सुकी मासळी विकली. बोंबील, जवळा, मांदेली, कशाला किती ऊन लागतं ते मला विचार. गच्चीवर चार दिवस वाळवलं. बोंबील वाळत घातले की कावळे हैराण करतात, माणूस बसवावा लागतो. याला एका कावळ्याने चोच लावली नाही. मांजरसुद्धा वास घेऊन निघून गेलं. म्हणजे चीज अस्सल आहे. आज सकाळी कुटून, चाळून बरणीत भरलं.

हमिदाला आणखी आठ दिवसांनी सुरू करणार. आठ दिवस का, ते तुला सांगायची गरज नाही. २६ तारखेला ती इस्पितळात जाणार नाही. दर खेपेला तिला भरल्या अंगाची नेतो आणि चिपाड घेऊन परत येतो, हे मी आता बघणार नाही. ती ऐकत नाही म्हणून तिची फाईल मी लपवली आहे. फाईल नसली की तिथे कुणी दारात उभं करत नाही.

तुला विचारत नाही, कळवतो आहे.

दुआ आहेतच.

दादा,
लियाकत


भिसेगाव, कर्जत
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सिद्राला दादीचे पुष्कळ पापे. वि. वि.

परवा चौथं इंजेक्शन झालं, हे आधी लिहिते म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

त्या दिवशी यांचं पत्र वाचून तू फोनवर रडायला लागलीस, तेव्हा हे समोरच बसले होते, म्हणून मी एवढंच म्हणाले की मी चमचा तोंडाला लावलेला नाही. ते खरं होतं. मी मागूनसुद्धा हे देत नव्हते. बरणी कपाटात, किल्ली यांच्या गळ्यात. मी थट्टेने म्हटलं की एवढं जपता, माझ्यासाठी आहे की दुसरी कुणी बघून ठेवली आहे? तर चिडून गच्चीवर गेले.

शुक्रवारी, बावीस तारखेला, पहाटे फजरच्या नमाजानंतर हे उठलेच नाहीत. उलट्या, जुलाब, ओठ काळेनिळे, हातपाय गार. विनिताचा नवरा हरेश धावत आला, त्याने उचलून गाडीत घातलं. इथल्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, तर म्हणाले सुकट. सुकटीने चाळीस वर्षांत काही झालं नाही, आता कसं झालं, असं मी डॉक्टरांसमोरच विचारलं. तोंड भिंतीकडे करून झोपले.

घरी येऊन कपाट उघडलं. बरणीशेजारी भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं. मागच्या कोऱ्या बाजूला यांचं अक्षर. सतरा तारीख, अर्धा चमचा मधातून, काही नाही. अठरा, काही नाही. एकोणीस, जीभ बधिर. वीस, ओठ बधिर, मळमळ. एकवीस, उलटी दोनदा, हमिदाला कळू दिलं नाही.

आता तुला आठ दिवसांचं कोडं सुटलं असेल. माझे सासरे तांडेल होते. जाळ्यात अनोळखी मासा आला, तर होडीवरचा रिवाज ठरलेला. पहिला घास तांडेलाचा. त्याने खायचं, दिवस मावळेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं, तो धडधाकट राहिला तर बाकीच्यांनी जेवायचं. तुझे दादा होडी सोडून कर्जतला आले, पण रिवाज बरोबर घेऊन आले.

मी यांच्यावर खूप ओरडले. एवढी ओरडले की विनिता भिंतीपलीकडून धावत आली. चौऱ्याऐंशी वर्षांचे असल्यासारखे थरथरताय, तुम्हाला काही झालं असतं तर मी इंजेक्शन कुणासाठी घ्यायचं, असं विचारलं.  सव्वीस तारखेला सकाळी मी फाईलशिवायच निघाले, नर्सच्या पाया पडेन म्हटलं. उंबऱ्यावर असताना आतून आवाज आला की फाईल सुकटीच्या डब्यात आहे.

इस्पितळात फाईल उघडली आणि नर्सने पदर नाकाला लावला. मी म्हटलं, कोकणातली फाईल आहे, बाई.

यांच्यावर रागावू नकोस. मी दोघींच्या वाट्याचं रागावून घेतलं आहे. तुझी आठवण येते, ती तिकडेही येऊ दे.

तुझी दादी,
हमिदा


गोवा
४ डिसेंबर २०२४

ती. दादांना सिद्राचा सलाम. वि. वि.

दादीने सगळं कळवलं. तुम्ही खाल्लंत त्यात फक्त पोवळ्याचं जहर नव्हतं, मीठ होतं, वाळू होती, आणखी काय काय चिकटून आलं असेल ते देव जाणे. पुन्हा असं केलंत तर मी नोकरी सोडून कर्जतला येईन आणि रोज तुमच्या शेजारी बसेन. ही धमकी आहे.

पण एक कबूल करते. पणजोबांचा रिवाज वाचून मी आमच्या सरांना सांगितला.  ते म्हणाले की आपल्या कामाचा पुढचा सगळा रस्ता म्हणजे हाच रिवाज आहे, फक्त एका तांडेलाच्या जागी हजारो माणसं आणि दिवस मावळण्याच्या जागी कित्येक वर्षं.

मी तुम्हाला पहिल्याच पत्रात एक गोष्ट सांगायला हवी होती. दादीला जे इंजेक्शन देतात, ते आकाशातून पडलेलं नाही. ते एका झाडाच्या सालीत सापडलं. तेही आधी बशीतच होतं. तेही बरंच जहरी होतं. सालीपासून दादीच्या हातातल्या सुईपर्यंत यायला त्याला तीस वर्षं लागली. आधी ते कुणाला द्यायचं, किती द्यायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना दुसरा इलाज उरला नव्हता अशा आजारी बायांनी ते पहिल्यांदा घेतलं. कुणाला त्रास झाला, कुणी वाचल्या नाहीत. त्यांच्यामुळे आज दादीचा डोस ठरतो. तुम्ही जे शोधत होतात ते कपाटातल्या बरणीत नव्हतं, सुकटीच्या डब्यातल्या फाईलमध्ये होतं.

पेपरवाल्याला मी पत्र लिहिलं आहे. त्याने अजून छापलेलं नाही.

जेवण साधं घ्या. सलाम आणि माया, दोन्ही पूर्वीइतकीच.

तुमची,
सिद्रा


भिसेगाव, कर्जत
१० डिसेंबर २०२४

चि. सिद्रा हिला दुआ. वि. वि.

तुझी धमकी मिळाली. ती हमिदाला आवडली, मला नाही.

पेपरवाल्याने छापलं नाही म्हणतेस. मी परवा फुरकानच्या टेंपोत बसून खोपोलीला गेलो. शिळफाट्याला त्यांच्या माणसाचं ऑफिस आहे, एक टेबल आणि एक पंखा. मी त्याला विचारलं की निरोगी पेशीही मेल्या ही ओळ कुठे गेली. तो म्हणाला, जागा नव्हती. शेजारी साडीच्या दुकानाची पानभर जाहिरात होती, ती मी त्याला उघडून दाखवली. तुझ्या त्या गाळलेल्या एका ओळीपायी मी पाच दिवस आजारी पडलो, आणि माझी बायको एका तारखेला मुकली असती. मी असा ओरडलो की खाली रिक्षावाले जमले. तो म्हणाला, चाचा, बसा, पाणी प्या. मी पाणी प्यायलो नाही. आता छापतो म्हणाला आहे. नाही छापलं तर पुन्हा जाणार.

तुझ्यावरही राग आहे. सालीची गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली असतीस तर मी बादली मागवलीच नसती. शिकलेली माणसं कामाचं वाक्य नेहमी शेवटी ठेवतात.

बरणी या पत्राबरोबर पाठवतो. बूच घट्ट लावलं आहे, तरी पोस्टातल्या बाईने तोंड वाकडं केलं. कॅलेंडरचं पानही आत आहे. तुझ्या वहीत लिहून ठेव. लियाकत, वय चौऱ्याहत्तर, रोज अर्धा चमचा, तिसऱ्या दिवशी जीभ बधिर, सहाव्या दिवशी आडवा. कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं. कावळ्यांचंही लिही. त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

पुढचं इंजेक्शन सतरा तारखेला. या वेळी मी बरोबर जाणार आहे. फाईल गच्चीवर चार दिवस उन्हात ठेवली, वास पुष्कळ गेला. आता माझ्या उशाशी असते.

एक काम आहे. लहानपणी अनोळखी मासा वडिलांनी आधी खाल्ला, मग आम्ही खाल्ला. आम्ही पोटभर खायचो आणि ते कोपऱ्यात बसून पोटावर हात ठेवून आमच्याकडे बघत असायचे. त्यांना कसं वाटतंय, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. त्या सालीचं औषध ज्या बायांनी पहिल्यांदा घेतलं, त्यांची नावं कुठे लिहिलेली असतील तर शोधून मला कळव. सगळी नसतील तर एक-दोन चालतील. हमिदा दर नमाजानंतर तुझ्यासाठी, माझ्यासाठी, सगळ्या गावासाठी दुआ मागते. या बायांसाठी मागताना ती अडते, नाव काय घेऊ म्हणून मला विचारते, आणि मला सांगता येत नाही.

राग ओसरेल तेव्हा ओसरेल. माया तू सांभाळून ठेव, मी इथे ठेवली आहे.

तुझा दादा,
लियाकत