करियुकीची ओळख

नैरोबी, ता. २१ मार्च १९५४

ती. सौ. रतनआक्कास मुरारीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहतोय आणि दाजी तिथे कामाला लागले, हे वाचून बरं वाटलं. चाकणचा माणूस कांद्याच्या बाजारावाचून दुसरीकडे रमेल असं वाटलं नव्हतं, असं त्यांना माझ्या नावानं सांग.

मी आता लाकडाच्या वखारीत मिस्त्री झालो. जोडीला करियुकीच. सात वर्षं आम्ही एका बाकावर रंधा मारतोय. तो किकुयू, इथल्या मूळच्या लोकांपैकी. त्याच्या बापाची जमीन गोऱ्याच्या कॉफीच्या मळ्यात गेली. म्हातारा आता तिथेच मजुरी करतो. अशांतलेच काही जण जंगलात शिरून सरकारशी लढताहेत, त्यांना माऊमाऊ म्हणतात. करियुकी त्यांच्यात नाही. गेल्या साली मी तापानं पडलो, तेव्हा त्याच्या बायकोनं, वांजिरूनं, अकरा दिवस मला पेज पाजली. तेव्हा इथे मला कोणी नाही असं मनात आणू नकोस.

दाजींस नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा मुरारी

पिंपरी, ता. १२ एप्रिल १९५४

चि. मुरारीस आक्काचे उदंड आशीर्वाद.

पत्रात करियुकी, करियुकी. लग्न झालेली माणसंसुद्धा बायकोबद्दल एवढं लिहीत न्हाईत! त्या वांजिरूला माझा नमस्कार सांग. तिची भाषा मला येत न्हाई, पण अकरा दिवस परक्याची उष्टी काढणारी बाई कशी असेल ते कळतं.

इथे सुतार हवेत. ह्यांनी मुकादमाच्या कानावर घातलंय. दिवाळीपर्यंत आलास तर जागा मिळेल. त्या देशात गोळ्या चालतात असं ह्यांनी पेपरात वाचलं, तेव्हापासून मला घास गोड लागत न्हाई. उलट टपाली ये म्हणून कळव.

तुझी आक्का

नैरोबी, ता. ९ मे १९५४

ती. सौ. आक्कास सा. न.

गेल्या महिन्याच्या चोवीस तारखेला पहाटे सगळ्या शहराला फौजेनं वेढा घातला. आमच्या वखारीतून किकुयू तेवढे बाहेर काढून रस्त्यावर बसवले. एक गोरा साहेब ओळीनं विचारत होता, याला कोण ओळखतं, याची हमी कोण घेतं. शेजारच्या दुकानदारानं आपल्या हमालासाठी हो म्हटलं, तर त्याला सोडून दिलं.

मालकानं आधीच आम्हाला बजावलं होतं की कोणी तोंड उघडायचं नाही, परवाना जाईल, आपल्यालाही बोटीत बसवून हिंदुस्थानात धाडतील. साहेब करियुकीपाशी आला आणि माझ्याकडे वळला. मी म्हणालो, कामापुरता ओळखतो, बाकी मला माहीत नाही.

आक्का, करियुकीला इंग्रजी कळतं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्याला ट्रकमध्ये चढवलं. कॅम्पात नेलं म्हणतात.

मुरारी

पिंपरी, ता. २ जून १९५४

चि. मुरारीस आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. पण बाबा, कॅम्पच ना? इथेही आमच्या शेजारी सिंधी निर्वासितांचा कॅम्प हाय. बराकीत राहतात, पण दुकानं टाकली, पापड लाटून विकतात, पोरं शाळेत जातात. तसंच तिथेही असेल. चार महिन्यांत येईल माघारी. तू भिऊन बोललास, त्यात तुझा काय दोष? सगळेच भितात. तू आता निघ.

आक्का

नैरोबी, ता. २९ ऑगस्ट १९५४

ती. सौ. आक्कास सा. न.

इथल्या कॅम्पाला काटेरी तारा आहेत आणि चारी कोपऱ्यांवर बंदूकवाले. तिथून पत्र येत नाही, की तिथे जात नाही.

वांजिरूलाही लेकीसकट गावाकडे हाकललं. जाण्याआधी ती वखारीत आली होती. तुम्ही त्याच्याबद्दल चांगलं सांगितलंत ना, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

मग मला राहवेना. सरकारी कचेरीत तीन खेपा घातल्या आणि तेवीस तारखेला लेखी जबाब दिला, की हा माणूस सात वर्षं माझा सोबती आहे, याची हमी मी घेतो. कारकुनानं विचारलं, मग एप्रिलात असं का बोलला नाहीस? मी खाली सही केली. त्यानं कागद फायलीत लावला. मालकानं त्याच दिवशी मला कामावरून कमी केलं. तूर्त दुसऱ्या एका सुताराकडे आहे. करियुकी सुटेपर्यंत मी निघत नाही.

मुरारी

नैरोबी, ता. १६ जानेवारी १९५५

ती. सौ. आक्कास सा. न.

दिवाळीनंतर कचेरीचं उत्तर आलं होतं, की जबाब पोचला, विचार चालू आहे. मी खुळा, त्या कागदावर विसंबून दोन महिने काढले.

काल कॅम्पातून सुटलेला एक माणूस भेटला. करियुकीच्याच बराकीतला. तिथे तापाची साथ आली होती. करियुकी जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेला. मी जबाब दिला त्याच्या दीड महिना आधी. त्याला तिथेच पुरलं, कुठे ते त्या माणसालाही सांगता आलं नाही.

वांजिरूला हे ठाऊक नाही. त्यांच्या गावची घरं जाळून फौजेनं सगळ्यांना भोवती खंदक खणलेल्या एका वस्तीत कोंडलंय. मला तिथे जायची परवानगी नाही. सुटली तर ती नैरोबीलाच येईल आणि आधी मलाच विचारील. म्हणून मी इथेच थांबणार. मुकादमाला सांग, जागा दुसऱ्याला द्या.

मुरारी

पिंपरी, ता. ८ फेब्रुवारी १९५५

चि. मुरारीस आक्काचे आशीर्वाद.

कारखान्यातली जागा खेडच्या एका सुताराला मिळाली.

ये म्हणून मी आता लिहिणार न्हाई. ती बाई आली, तर तिला तो गेला एवढंच सांगून सुटू नकोस. साहेबानं विचारलं तेव्हा तू काय बोललास तेही सांग, आणि तिच्यापाशी खोटं बोललास तेही. मग ती काय करील ते करील. तू हलू नकोस.

आणि ती आलीच न्हाई, तर काय करायचं, ते मला सुचत न्हाई.

आक्का