मार्चमधली खालची चाल

सीवूड्स, रविवार

तीर्थरूप अण्णा,

निशांतचा पाया पडून नमस्कार. तुर्भ्याची ड्यूटी बरी चाललीय, जेवण वेळेवर होतं. आईची कंबर कशी आहे?

इथल्या कॉन्सर्ट बँडमध्ये मला वाजवायला कॉर्नेट मिळालं. पहिल्याच सरावाला मार्चची धून सुरू झाली आणि मी सवयीने उठून चालायलाच लागलो. मास्तर हसले, "अरे बस, वरात नाहीये." इथे मार्चसुद्धा खुर्चीत बसून वाजवतात, आणि लोक न नाचता ऐकतात!

अण्णा, काय रचना असते हो! मधल्या भागात सगळे हळू होतात आणि एकटं युफोनियम, तुमचंच वाद्य, खालच्या पट्टीत वेगळीच चाल गातं. अंगावर काटा आला. लग्नांत वाजवणाऱ्या आपल्या बँडमध्ये तुम्ही असंच काहीतरी वाजवता ना? इतकी वर्षं तुमच्या शेजारी चाललो, पण ताशापुढे ते कधी कानावर आलंच नाही.

पुढचा दात हलतो, फुंक धरत नाही म्हणून तुम्ही युफोनियम विकायला काढलंय, असं आई म्हणाली. विकू नका. दाताचं इथे वाशीत बघू. या, आणि एकदा खुर्चीत बसून वाजवा. मला ऐकायचंय.

तुमचाच,
निशांत