सुमेधाचं रिटर्न आणि जुना फोन

शनिवार, जुलै अखेर

सुमेधाचं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून झालं एकदाचं. पोरगी शिकायला डब्लिनला, भाड्याच्या खोलीत. पण इथल्या ठेवींच्या व्याजाचा हिशेब इथेच द्यावा लागतो. ओटीपी येतो तिच्या जुन्या नंबरावर. त्यासाठी तो जुना फोन मी वर्षभर दुकानात गल्ल्यापाशी चार्ज करत बसतो.

सुमेधा माझ्या फोनवर होती, नि ओटीपी आला तो नेमका गर्दीत. "स्वल्प थांब गं," म्हणत हातातली साडी टाकली नि आकडे ओरडून सांगितले, तेही कन्नडात. बंगळूरच्या चिकपेटेत जन्म गेला, आकडे तोंडात कन्नडच येतात, त्याला मी काय करू? "अण्णा, हळू!" म्हणून हसत सुटली. मग तिच्या गप्पा: घरमालकीण, तिकडचा रात्री दहापर्यंतचा उजेड, बिघडलेली आमटी... गिऱ्हाईक कंटाळून गेलं. जाऊ दे.

संध्याकाळी शेजारचे ऑडिटर म्हणाले, "तिच्या नेटबँकिंगवरूनही होतं की हे. जुना फोन कशाला?" चिडलोच. लगेच तिला फोन लावला.

"माहीत आहे अण्णा. पहिल्या वर्षापासून."

मग सांगितलं का नाहीस? ओठावर आलं होतं. विचारलं ते एवढंच, आज आमटी जमली का?

जुना फोन पुन्हा चार्जिंगला लावलाय.