सरदारचं अंथरूण

बाबा,

बिजलीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे निघालेय. तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडांचे घोस लटकलेत. तुम्ही नुसती पाठ थोपटता, पाय कधी उलटून बघता? "शिकारी कुत्र्याला गोचीड असायचेच," हे सरदार तापाने गेला तेव्हा मी ऐकून घेतलं. आता नाही घेणार. डॉक्टर हो म्हणेपर्यंत शिकार बंद. तुमची शिट्टी माझ्या पिशवीत आहे, शोधत बसू नका. बाकीच्या दोघांना औषध लावलंय, चाटू देऊ नका.

सरदारचं अंथरूण तुम्ही कुणाला हलवू देत नाही, पण गोचीड तिथेच वाढताहेत. ते अंगणात नेऊन ठेवलंय. मी जाळलं नाही, कुत्रा तुमचा होता. काडेपेटी त्यावरच आहे. बिजली घरी यायच्या आत पेटवा.