अग्रशाळेचं कुलूप

पेडणे, मंगळवार, रात्र

दुसरा खून झाला. बाजारात उघड्यावर झोपणारा म्हातारा. पोलीस म्हणतात, मारेकरीही बेघर भटक्याच आहे. सोबत विडी ओढतो, शेजारी निजतो आणि झोपेत डोक्यात धोंडा घालतो. अजून सापडलेला नाही. आणि आमच्या देवळाच्या कमिटीने काय करावं? वाटसरूंसाठी बांधलेल्या अग्रशाळेलाच कुलूप घातलं! आत निजणारे सगळे रस्त्यावर आले, म्हणजे त्याच्याच हाताशी.

लखलखीत नवं कुलूप. शाळेत नाताळच्या नाटकात सिस्टर मला येशूच्या आईबापांना दारातून परत पाठवणारा धर्मशाळेवाला करायच्या. "जागा नाही," एवढंच माझं वाक्य. किती ठसक्यात म्हणायचे! आज ते कुलूप बघताना तोंड कडू झालं.

अग्रशाळेतली म्हातारी भागी बाहेर पायरीवर बसली होती. तिला सरळ घरी आणलं. दीर कमिटीत, तेव्हा लगेच धावत आले.

"वैनी, खुनी कोण ते कळलेलं नाही आणि तू भिकाऱ्यांना घरात घेतेस?"

"तिच्या तोंडात दात नाही, भावजी. पाव चहात बुडवून खाते. ती धोंडा उचलणार?"

"उद्या आणखी येतील."

"येणारच. मीच आणणार आहे."

पाय आपटत गेले. जाऊ देत. ठराव करायचा तर करू देत माझ्यावर.

भागी बाहेर सोप्यावरच निजते म्हणत होती. मी आत घेतली, दार लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज तिने किती वर्षांनी ऐकला असेल?

"बाये, कडी परत एकदा पळय गो," म्हणाली.

उठून पाहिली.